साइड लोअर आणि साडेसातशे ग्रॅम

परवा रात्री बॅग भरत होते. बेंगळुरूहून मिरजेला जायचं म्हणजे राणी चन्नम्मा एक्स्प्रेस, रात्री चढायचं, दुसऱ्या दिवशी दुपारी मिरज, तिथून सांगलीला रिक्षा आणि उशिरा का होईना जेवायला आईसमोर हजर. चौदा वर्षं हेच चाललंय, त्यामुळे बॅगेचं मला आता काही वाटत नाही, कपडे चार मिनिटांत होतात, मग चार्जर, गोळ्या, आईसाठी कॉफी पावडर (तिला इथलीच लागते, चिकोरी घातलेली, सांगलीत बसून नखरे!) की झालं. त्यानंतरचा अर्धा तास मी पुस्तकांच्या कपाटासमोर नुसती उभी असते. नवरा एकदा म्हणाला, "मला पसंत करताना एवढा वेळ घेतला नव्हतास." म्हटलं, तेव्हा बघायला कपाट कुठे होतं, एकच फोटो आला होता.

आता कुणी म्हणेल, किंडल आहे ना तुझ्याकडे, त्यात दोनशे पुस्तकं आहेत, मग उभी कशाला राहतेस? हाच तर प्रश्न आहे. ज्या रात्री मी किंडल उचलते त्या रात्री कपाटासमोर उभं राहावंच लागत नाही, आणि ते मला कितीतरी वर्षं फार सोयीचं वाटायचं.

थोडं मागे जाते. लहानपणी प्रवासात पुस्तक म्हणजे मिरज स्टेशनवरच्या स्टॉलवरनं बाबा घेऊन देतील ते. मिरज जंक्शन म्हणजे आम्हाला जगाचं मध्य वाटायचं, तेव्हा तिथे ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ यायचे, हे बाबा प्रत्येक वेळी सांगायचे, जसे काही ते त्यांनीच टाकलेत. स्टॉलवर काय मिळायचं तर मासिकं, शब्दकोडी, तळहाताएवढ्या रहस्यकथा. ती रहस्यकथा मिरजेला उघडायची आणि पुण्यापर्यंत खुनी सापडायचा, न सापडला तर बाबा सांगून टाकायचे कारण त्यांनी ती मागून वाचलेली असायची. प्रवासात वाचायचं पुस्तक छोटं, स्वस्त आणि खिशात मावणारं असावं हे स्टेशनवाल्यांना फार आधी कळलेलं होतं. इंग्लंडात पेंग्विनची ती प्रसिद्ध सहा पेनीची पुस्तकं १९३५ साली निघाली, त्याचीही गोष्ट अशीच सांगतात की अ‍ॅलन लेन एक्सिटर स्टेशनवर गाडीची वाट बघत होता आणि स्टॉलवर वाचण्यासारखं काही मिळेना. म्हणजे कंटाळलेल्या प्रवाशाचे उपकार सगळ्यांवर आहेत.

आणि बाबांचा एक नियम होता. प्रवासात एकच पुस्तक. आवडलं नाही तरी तेच. "दुसरं कशाला? खिडकी आहे की."

किंडल मी घेतलं २०१३ च्या दिवाळीत, बोनसमधून. अमेरिकेत ते २००७ मध्येच आलं होतं, आपल्याकडे विकायला यायला २०१२ उजाडलं, त्यामुळे ऑफिसात तेव्हा मी एकदम पुढारलेली ठरले होते. पहिल्यांदा वापरलं ते हामटा पासच्या ट्रेकला. मनालीहून चार-पाच दिवस चालायचं, चौदा हजार फूट, पाठीवर सगळं, तिथे माणूस टूथब्रशची दांडी अर्धी कापून नेतो, मग चारशे ग्रॅमचं पुस्तक कोण नेणार. किंडल दोनशे ग्रॅमच्या आसपास. आमच्या तंबूत नाशिकचा एक दादा होता, त्याने मात्र जाडं इंग्रजी पेपरबॅक आणलं होतं आणि पहिल्याच संध्याकाळी त्याने ते मधोमध धरलं, टर्रकन फाडलं आणि अर्धं मित्राला दिलं. "तो पुढचं वाचेल, मी मागचं वाचून झालं की बदलू." माझ्या अंगावर काटा आला हो! आमच्याकडे पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करायचा, आणि हा माणूस भाकरी मोडावी तसं मोडतोय. पण खरं सांगते, त्या दोघांनी ते पुस्तक संपवलं. माझ्याकडे ऐंशी पुस्तकं होती आणि मी तीन पुस्तकांची पहिली वीस-वीस पानं वाचून खाली उतरले. शिवाय वरती थंडीत किंडल पान उलटताना फार रेंगाळायचं. त्या पडद्यात म्हणे केसाएवढ्या बारीक कुप्या असतात, त्यांच्यातल्या द्रवात पांढरे आणि काळे कण, दोघांवर उलटसुलट विद्युतभार, वीज दिली की एक वर येतो नि दुसरा खाली बसतो आणि अक्षर उमटतं. एकदा उमटलं की ते धरून ठेवायला वीज लागत नाही, म्हणून बॅटरी आठवडेच्या आठवडे चालते आणि उन्हातही कागदासारखं दिसतं. पण थंडीत द्रव जड होतो, कणांचे पाय गारठतात. मी ते स्लीपिंग बॅगमध्ये पोटाशी घेऊन झोपायचे, अंडं उबवल्यासारखं.

(पाय लागण्यावरनं आठवलं, किंडलला पाय लागला तर नमस्कार करायचा का? मी करते. आधी आपोआप हात जातो आणि मग आजूबाजूला कुणी बघितलं का ते बघते.)

तर ट्रेकचं सोडा, वर्षातनं एकदा. माझा खरा प्रवास म्हणजे राणी चन्नम्माच, वर्षाला आठ-दहा फेऱ्या, आणि मधूनमधून ऑफिसची विमानं. विमानात तर सात किलोचं हातसामान, त्यात लॅपटॉपच दोन किलोचा, पॉवर बँक खाली टाकलेल्या बॅगेत चालत नाही म्हणून तीही हातातच, मग पुस्तकाला जागा उरतेच कुठे. किंडल जिंकलं. काही वाद न होता, एकतर्फी. मी तेव्हा लोकांना भाषणं द्यायचे, अहो कागद कशाला, झाडं बघा, शब्दावर बोट ठेवलं की अर्थ येतो, रात्री बाजूच्या बर्थवाल्याला त्रास न देता वाचता येतं. ते सगळं खरंच होतं, आजही आहे.

फजिती नव्हती असं नाही. एकदा निघायच्या घाईत चार नवी पुस्तकं विकत घेतली, मुखपृष्ठं दिसायला लागली, मी खूश. सकाळी धारवाड सोडलं, अळणावर गेलं, चहा घेतला, मस्त जंगल सुरू झालं, म्हटलं आता निवांत वाचू, तर चारही पुस्तकं करड्या रंगाची. नुसती मुखपृष्ठं उतरली होती, आतलं काही उतरलेलंच नव्हतं, आणि लोंढ्याच्या त्या पट्ट्यात मोबाइलची रेंज शोधायची म्हणजे पावसाळ्यात धुणं वाळवण्यातला प्रकार. बेळगावपर्यंत चार मुखपृष्ठांकडे बघत बसले. बाबा असते तर म्हणाले असते, खिडकी आहे की.

पण हे सगळं वरवरचं. मला जे लागलं ते वेगळंच आहे, आणि ते कळायला चार वर्षं लागली.

मी डायरीच्या शेवटच्या पानावर वर्षभरात वाचलेल्या पुस्तकांची यादी करते, नाव आणि महिना एवढंच. २०१७ च्या एकतीस डिसेंबरला ती मोजली. एकतीस पुस्तकं. छान वाटलं. मग सहज मराठी किती ते मोजलं. चार. त्यातली दोन दिवाळीच्या सुट्टीत सांगलीला आईच्या घरी वाचलेली. मागच्या डायऱ्या काढल्या. २०१६ ला पाच, २०१५ ला तीन. किंडल घ्यायच्या आधीच्या वर्षी बावीसपैकी चौदा मराठी होती.

मी काही ठरवलं नव्हतं. मराठी सोडून इंग्रजी वाचायचं असं कोण ठरवतं? माझं बहुतेक वाचन प्रवासात होतं, प्रवासात किंडल असायचं, आणि किंडलवर मराठी नव्हतंच जवळजवळ. २०१६ च्या डिसेंबरात किंडलवाल्या अ‍ॅमेझॉनने मराठी, हिंदी, गुजराती, तमिळ, मल्याळम अशा भाषांची पुस्तकं अधिकृतपणे आणली, त्याच्या आधी जे काही होतं ते आपण जुगाड करून घालायचं. म्हणजे कुणीतरी स्कॅन केलेली पीडीएफ. पुस्तकाचं अख्खं पान सहा इंची पडद्यावर बसवलं की अक्षर मुंगीएवढं होतं, मोठं करावं तर ओळीचा शेवट बाहेर जातो, मग प्रत्येक ओळीला पान डावीकडे ढकला, उजवीकडे ढकला, टेनिसची मॅच बघितल्यासारखी मान. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने किती चांगली चांगली जुनी पुस्तकं साइटवर फुकट ठेवलीत, कॉम्प्युटरवर वाचायला उत्तम, पण साइड लोअरवर पडून वाचायची ती चीज नव्हे. आणि स्कॅन नसेल, टाइप केलेली फाइल असेल, तर ती जुन्या काळातल्या कुठल्यातरी फॉण्टमध्ये असायची, युनिकोडच्या आधीच्या, ती किंडलला चालेल अशी बदलून घेतली की पडद्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा, आकड्यांचा आणि कंसांचा चिवडा. मी एकदा जिद्दीने दोन रात्री बसून एक फाइल दुरुस्त केली. सगळं जमलं, फक्त 'दुसऱ्या' आणि 'वाऱ्यावर' मधला तो अर्धा र काही केल्या उभा राहीना, मग अख्खी कादंबरी 'दुसर् या' आणि 'वार् यावर' अशी वाचली. वाचली म्हणजे सत्तर पानं. नंतर एक इंग्रजी पुस्तक उघडलं, ते गुळगुळीत चाललं.

असंच होत गेलं. प्रत्येक वेळी जे गुळगुळीत चालतं ते उघडायचं, आणि मग एक दिवस डायरीत एकतीसला चार.

तुम्ही म्हणाल त्यात काय एवढं, वाचन ते वाचन. पुण्यात राहत असते तर मीही म्हटलं असतं. पण मी बेंगळुरूत, ऑफिसात इंग्रजी, भाजीवाल्याशी मोडकं कन्नड, नवरा कारवारचा, घरात आम्ही कोकणी-मराठी-इंग्रजीचं जे काही करतो त्याला व्याकरण नाही. मराठी उरली ती आईच्या फोनपुरती आणि पुस्तकांपुरती. आईच्या फोनमध्ये किती शब्द येणार, पाऊस, गुडघे, गॅस सिलिंडर आणि कुणाचं काय ठरलं. २०१८ मध्ये मामा गेले तेव्हा मामीला पत्र लिहायला बसले, कारण मामी फोनवर बोलत नव्हती कुणाशी, आणि एक वाक्य लिहायचं होतं, आम्ही सगळे सांत्वनाला येऊ शकलो नाही असं काहीतरी, आणि मला 'सांत्वन' आठवेना. खोटं नाही सांगत. 'कन्डोलन्स' आठवत होता, बाकी सगळं आठवत होतं, तो एक शब्द दहा मिनिटं आला नाही. पेन तसंच धरून बसले होते.

त्यानंतर मी ठरवलं, राणी चन्नम्मात मराठीच, आणि मराठी म्हणजे कागद. विमानात काय ते इंग्रजी आणि किंडल. कुणाला हा नियम बावळट वाटेल, माझ्या धाकट्या बहिणीला वाटतोच, तिचं म्हणणं की आता किंडलवर मराठी भरपूर आहे, बुकगंगावर आहे, ई-साहित्यवाल्यांचं फुकट आहे, विकिस्रोतावरनं जुनं काही उतरवून घेता येतं, तू उगाच ओझं वाहतेस. तिचं बरोबर आहे. मराठी आता चांगली दिसते, अर्धा र सुद्धा उभा राहतो. पण मी स्वतःला ओळखते. एकाच डबीत गुळाची पोळी आणि बिस्किटं ठेवली तर मी बिस्किटं खाणार, कारण ती हाताला आधी लागतात. म्हणून पोळी वेगळ्या डब्यात.

कागद नेऊ लागले तशी गाडीतली माणसं पुन्हा बोलायला लागली हे एक मी विसरलेच होते. किंडल हातात असताना सहप्रवासी एकच प्रश्न विचारतो, "केवढ्याला पडलं हे?" आणि किंमत ऐकून दुसरा प्रश्न, "ह्याच्यात फोन लागतो का?" नाही म्हटलं की संपलं, आपल्याबद्दल मत वाईट. पुस्तक असलं की त्याचं मुखपृष्ठ समोरच्याला दिसतं. एकदा हुबळीला एक गृहस्थ चढले, धारवाडकडचे, सत्तरीचे, पांढरं धोतर, कपाळावर गंध. माझ्याकडे बघून कन्नडमध्ये काहीतरी विचारलं, मग माझ्या हातातलं बघून एकदम मराठीत, "कुणाचं पुस्तक ते, ताई?" ते मराठी, अहाहा, थोडं बेळगावी हेल, क्रियापदं आपल्यापेक्षा एक पायरी जास्त सावकाश. सांगितलं कुणाचं ते. म्हणाले लहानपणी घरी मराठी मासिकं यायची, आई कन्नड वाचायची आणि वडील मराठी, आम्ही दोन्ही. माझा डोळा लागला, उठले तर पुस्तक त्यांच्या हातात, चष्मा कपाळावर, मधूनच कुठूनतरी सुरू करून चाळीस पानं झालेली. बेळगाव आलं. ते खूण म्हणून तिकीट घालून पुस्तक परत द्यायला लागले. म्हटलं न्या काका, मला मिळेल दुसरं. (मिळालं नाही, आवृत्ती संपली होती. अजून मिळालेलं नाही.) त्यांनी काय करावं, पिशवीतनं करदंटाचा (डिंक-सुकामेव्याची वडी) अर्धा किलोचा पुडा काढला, नातवासाठी घेतलेला असणार, आणि माझ्या हातात ठेवला आणि उतरले. त्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर माझं नाव, तारीख आणि 'यशवंतपूर, गाडी ४० मिनिटं लेट' असं लिहिलेलं आहे. मी सगळ्या पुस्तकांत असं लिहिते. ते आता धारवाडात कुणाच्यातरी घरी आहे.

परतीच्या प्रवासाचं गणित मात्र अजून सुटलेलं नाही. परतताना बॅगेत भडंग असतं, आणि सांगलीचं भडंग गाडीत बसल्यावर न उघडता बेंगळुरूपर्यंत आणून दाखवणारा माणूस मी पाहिलेला नाही. तेलाची आणि हळदीची बोटं. माझ्या निम्म्या मराठी पुस्तकांवर कुडची ते घटप्रभा या टप्प्यातली पानं पिवळी आहेत, पान बघून स्टेशन सांगता येतं. किंडल पुसता येतं. दिवाळीनंतरची फेरी तर विचारूच नका, पाच-सहा दिवाळी अंक, म्हणजे तीन किलो निव्वळ कागद, त्यातला अर्धा दागिन्यांच्या आणि प्लॉटच्या जाहिराती. १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हा का. र. मित्रांना पुढे हे असं लोकांच्या खांद्यावर येईल याची कल्पना नसणार. अंकांच्या ई-आवृत्त्या निघतात आता, पण एवढाल्या दोन रकान्यांच्या पानाचं फोनवर काय होतं ते वर टेनिसमध्ये सांगितलंच आहे.

आणि कागदाचं कौतुक करताना मला २०१९ विसरून चालत नाही. आमचं घर सांगलीत गावभागात. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५. आईला आदल्या दिवशीच विश्रामबागला मावशीकडे हलवलं म्हणून बरं. पाणी उतरल्यावर मी गेले, रेल्वे बंद होती, पुण्यामार्गे बसने. बाबांचं कपाट भिंतीला लावलेलं होतं, खालचे तीन कप्पे पाण्यात होते, आणि पुस्तकं फुगून एकमेकांत अशी घट्ट बसली होती की एकही बाहेर निघेना. पाचराने काढावी लागली. गाळाचा तो वास, आणि पानं उघडली की शाई आरशासारखी समोरच्या पानावर. नगर वाचनालयातही पाणी शिरलं होतं, दीडशे वर्षांची संस्था, आईची मैत्रीण तिथली वर्गणीदार, ती सांगताना रडली. आईने सगळं शांतपणे बाहेर काढायला लावलं, अंगणात रचलं, आणि म्हणाली, "आता परत पुस्तक आणू नकोस ह्या घरात. आणलंस तर वरच्या मजल्यावर तूच चढवायचं."

म्हणून तीन वर्षांनी ती माझ्या धाकट्या बहिणीकडे न्यू जर्सीला सहा महिन्यांसाठी निघाली तेव्हा मीच तिला टॅब घेऊन दिला. तिच्या दोन बॅगांत मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, लोणची आणि बहिणीने मागवलेली पोळपाट-लाटणी होती, तेवीस किलो म्हणजे तेवीस किलो, काट्यावर तीनदा चढवलेल्या. पुस्तक घालायला जागा नाही. टॅबमध्ये मराठी पंचवीस पुस्तकं भरून दिली. आईने तो हातात घेतला, उलटसुलट केला आणि विचारलं, "ह्याच्यात पहिल्या पानावर नाव कुठं घालायचं?" म्हटलं नाही घालता येत. "मग माझं आहे हे कळणार कसं?"

आईचा प्रश्न मी हसण्यावारी नेला, पण तो जेवढा वाटतो तेवढा भोळा नाही. २००९ मध्ये अमेरिकेत लोकांनी पैसे देऊन घेतलेली ऑर्वेलची '१९८४' अ‍ॅमेझॉनने त्यांच्या किंडलमधून रातोरात परस्पर काढून घेतली होती. विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते म्हणे. पैसे परत दिले, माफीही मागितली, पण पाळत ठेवणाऱ्या सरकारावरची कादंबरीच नेमकी काढून न्यावी, आणि तेही न सांगता, हे कुणाला रचून सुचलं नसतं. आपण विकत घेतो ती वाचायची परवानगी, पुस्तक नव्हेच. गंमत म्हणजे छापील पुस्तकावर जीएसटी नाही, या परवानगीवर आहे.

पण आई! आई त्या टॅबच्या प्रेमात पडली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिचं वाचन जवळजवळ थांबलं होतं, मराठी पुस्तकांचा बारीक टाइप तिला जमत नव्हता आणि हे ती कुणाला सांगत नव्हती, नुसतं पुस्तक मांडीवर घेऊन बसायची. हे मला माहीतच नव्हतं. टॅबवर तिने अक्षर एवढं मोठं केलं की एका ओळीत चार शब्द, बहिणीने फोटो पाठवला, दुरून दुकानाच्या पाटीसारखं दिसत होतं. जेट लॅगमध्ये पहाटे तीनला उठून दिवा न लावता वाचायची. पंचवीस पुस्तकं अडीच महिन्यांत संपली. मग नवीन घ्यायची तर त्या अ‍ॅपला ओटीपी हवा, ओटीपी भारतातल्या नंबरवर, आणि ते सिम सांगलीत कपाटातल्या डब्यात. शेवटी शेजारच्या काकू किल्ली घेऊन आमच्या घरात गेल्या, सिम त्यांच्या जुन्या फोनमध्ये घातलं, मी बेंगळुरूहून फोनवर, बहीण न्यू जर्सीत, काकू सांगलीत ओरडून आकडे सांगतायत आणि तोवर वेळ संपून ओटीपी बाद. चार वेळा. पाचव्यांदा लागलं तेव्हा तीन घरांत टाळ्या.

म्हणजे आता आमच्याकडे शहाऐंशीकडे निघालेली बाई टॅबवर वाचते आणि तिची आयटीतली मुलगी कागद वाहते. आणि आईचं वाचन माझ्यासारखं इंग्रजीकडे घसरलं नाही कारण तिच्या टॅबमध्ये बिस्किटं नाहीतच, सगळी गुळाचीच पोळी. यंत्राला मी फार दोष दिला, असं कधीकधी वाटतं. मग डायरी आठवते.

तर परवाची रात्र. कपाटासमोर उभी, एक दीडशे पानांचा कथासंग्रह काढला होता, सडपातळ, पर्समध्ये मावणारा. तेवढ्यात आईचा फोन. "तू ती मोठी कादंबरी घेऊन ये. माझी वाचून झालीये टॅबवर. काकूंना द्यायचीय."

"अगं मग त्यांना टॅब दे दोन दिवस."

"टॅब कसा देऊ? मी काय वाचू? आणि त्यांना वाचायला दिली की परत आली नाही तरी चालतं, टॅब परत यायला नको का?" मग जरा थांबून, "ओटीपीला त्यांनी एवढं केलं गं. त्यांना वाचून दाखवायची म्हटलं तर माझा घसा बसतो."

ई-पुस्तक दुसऱ्याला देता येत नाही, हे मी तिला समजावून सांगण्यात अर्थ नव्हता, तिला ते माझ्याआधी समजलं होतं. दुकान बंद व्हायच्या आत मिळणं शक्य नव्हतं, इथे बेंगळुरूत मराठी पुस्तक शोधायला तर चातुर्मास लागतो, पण ती कादंबरी माझ्याकडे होती, कपाटाच्या वरच्याच फळीवर, सहाशे पानं, पुठ्ठा बांधणी. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली. साडेसातशे ग्रॅम. कथासंग्रह परत कपाटात.

आत्ता हे लिहितेय ते साइड लोअरवर, फोनवर, त्यामुळे चुका पोटात घाला. बेळगाव गेलं. कादंबरी मांडीवर आहे आणि मी पूर्वी वाचली होती अशी माझी समजूत होती पण ऐंशी पानं झाली तरी काहीच आठवत नाहीये, म्हणजे वाचलीच नसणार, नुसती घेऊन ठेवलेली. समोरच्या मुलीने दोनदा मुखपृष्ठाकडे बघितलंय, अजून बोललेली नाही. घटप्रभेला चहा आला, मी कप धरायला पानाचा कोपरा दुमडला आणि तेवढ्यात फोन वाजला.

"कुठवर आलीस? आणि वाचत असशील तर पानं दुमडू नकोस हं. काकूंना आवडत नाही."